फ्रीडरिशच्या शेजाऱ्या, तोंड उघड!

मराठी मध्यमवर्गाला रडायला परदेशी पोर लागतं. रडू येत नाही असं नाही. येतं, बदाबदा येतं. पण ते लांबून आलेलं असावं लागतं. पोलंडातली छावणी, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेला ज्यू पोरगा, तारेचं कुंपण, कुंपणाच्या अलीकडे गोरागोमटा दुसरा पोरगा, दोघांची दोस्ती आणि शेवटी मरण. लागली धार. तोच पोरगा जामखेड तालुक्यातला असला आणि कुंपण तारेऐवजी गावकुसाचं असलं, की डोळे कोरडे ठाक. मग आवाज खाली येतो. 'प्रकरण गुंतागुंतीचं आहे हो.' 'दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत.' आउशविट्झची दुसरी बाजू कुणी मागत नाही. खर्ड्याची मागतात.

दोस्तांनो, गैरसमज नको. हिटलरच्या राज्यात ६० लाख ज्यू मारले गेले. त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती. एवढ्या मुलांच्या राखेपुढं आपण मान खाली घालतो आणि ती घालताना कुणाची परवानगी मागत नाही. ते दुःख आपल्याला परकं नाही. दुसरं महायुद्ध चालू असतानाच बाबासाहेबांनी लिहून ठेवलं होतं, की नाझींचा ज्यूद्वेष आणि इथला सनातनी धर्म एकाच जातकुळीचे आहेत.

नगरकरांना तर हे दुःख घराजवळचं आहे. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मन माणसांना धरून नगरच्या छावणीत डांबलं. त्या तारांच्या आत नाझी होते आणि नाझींच्या तावडीतून जीव घेऊन पळालेले ज्यूही होते. शिकारी आणि शिकार एकाच तारेच्या आत, पहाऱ्यावर तिसराच. १९४२ ते १९४५ नगरच्या किल्ल्यात नेहरू कैदेत होते. तिथंच त्यांनी भारताचा शोध लिहिला. त्याच वर्षांत तिकडं पोरं गॅसखाली जात होती. आणि ह्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचा दगडू मारुती पवार नावाचा पोरगा मुंबईचा कावाखाना आणि गावचा महारवाडा यांच्यामध्ये वाढत होता. किल्ल्यात बसून भारताचा शोध लागला. महारवाड्याचा शोध लागायला १९७८ साल उजाडावं लागलं, 'बलुतं' यावं लागलं.

'आपल्याकडं ज्यूंना कधी त्रास झाला नाही' असं छाती फुगवून सांगणारे भेटतात. खरंय. कोकणात बेने इस्राएल शेकडो वर्षं राहिले, मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले. कुणी त्यांना जाळलं नाही. फक्त शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून त्यांना 'शनवार तेली' करून टाकलं. पाहुणा दारात आला, की आधी त्याला जात चिकटवायची. हे यांचं आदरातिथ्य!

तर भांडण मेलेल्या ज्यूंशी नाही. भांडण रडणाऱ्याच्या निवडीशी आहे. दोस्ती तुटल्याची कुठली गोष्ट तो पोरांच्या हातात देतो आणि कुठली दडवून ठेवतो, तेवढं तपासायचं आहे.

माझ्यासमोर दोन पुस्तकं आहेत.

पहिलं 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज'. लेखक जॉन बॉइन, आयरिश. साल २००६. २००८ साली त्याचा सिनेमा झाला, तो आपल्यातल्या कितीतरी जणांनी मोबाइलवर पाहिलाय. नऊ वर्षांचा ब्रूनो. बाप छावणीचा कमांडंट. ब्रूनोला काहीच कळत नाही. कुंपणापलीकडं बसणारा श्मुएल त्याचा मित्र होतो. एक दिवस ब्रूनो पट्ट्यांचे कपडे चढवून कुंपणाखालून आत जातो आणि दोघं हातात हात घालून गॅसमध्ये मरतात. थेटरात रुमाल निघतात.

आता रुमाल बाजूला ठेवा आणि सांगा, तुम्ही ओरडलात कुणासाठी? ब्रूनोसाठी. साऱ्या गोष्टीचा धक्का 'अरे, आपला पोरगा चुकून आत गेला की!' एवढ्यावर उभा आहे. श्मुएल मरणारच होता, त्याचं मरण पहिल्या पानापासून धरून चाललेलं. त्याच्या मरणाला वेगळा हुंदका नाही. आउशविट्झला २ लाख ३० हजारांच्या आसपास मुलं नेली गेली. त्यांतल्या बहुतेकांना गाडीतून उतरल्या उतरल्या मारून टाकलं. कुंपणाशी बसून गप्पा ठोकायला त्यांना कुणी जिवंत ठेवलं नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये आउशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानंच जाहीर सांगितलं, की ज्याला हा इतिहास शिकायचा किंवा शिकवायचा आहे त्यानं हे पुस्तक टाळावं. तरी पुस्तक खपतंच. खपणारच! कमांडंटच्या बंगल्यात बसून रडायची सोय दुसरं कोण करून देतं? ज्यानं मारलं त्याच्याच घरात सुतक, आणि वाचणाऱ्यानंही त्याच ओसरीवर जाऊन बसायचं.

दुसरं पुस्तक जर्मन आहे. 'दामाल्स वार एस फ्रीडरिश'. लेखक हान्स पेटर रिश्टर, साल १९६१. रिश्टर ज्यू नव्हता. १९२५ साली जन्मलेला जर्मन, हिटलरच्याच फौजेतून युद्धात गेलेला. त्याच्या गोष्टीत एका इमारतीत दोन पोरं आहेत, दोघंही १९२५ सालची, आठवड्याच्या अंतरानं जन्मलेली. एकाचं नाव फ्रीडरिश श्नायडर, ज्यू. दुसरा गोष्ट सांगणारा. त्याला पुस्तकभर नाव नाही.

या सांगणाऱ्याचा बाप बेकार आहे. पक्षात नाव घातलं की काम मिळतं, म्हणून तो नाव घालतो. राक्षस नाही तो. उलट फ्रीडरिशच्या बापाला बाजूला घेऊन सांगतो, बाबा रे, देश सोड. घरमालक रेश ज्यू कुटुंबाला जागेतून काढायला टपलेला. १९३८ साली ज्यूंची घरंदारं फोडली जातात, त्या दिवशी हा सांगणारा पोरगा हातोडा घेऊन फोडणाऱ्यांत घुसतो. आधी चेव चढतो, मग दमतो, मग किळस येते. घरी परततो तर फ्रीडरिशचं घरही फोडून टाकलेलं. त्यात फ्रीडरिशची आई जाते. पुढं बापाला पकडून नेतात. १९४२ साली बॉम्ब पडतायत, सारी इमारत तळघरात लपलीय आणि बाहेर फ्रीडरिश दार वाजवतोय, मला आत घ्या. रेश त्याला हाकलून देतो. भोंगा थांबल्यावर माणसं वर येतात तर पोरगा दारातल्या पायरीवर मेलेला.

हे पुस्तक छावणी दाखवतच नाही. शाळेचा वर्ग दाखवतं, पोहायचा तलाव दाखवतं, सिनेमाचं थेटर दाखवतं, बागेतलं बाकडं दाखवतं. जिथं जिथं दोन पोरं जोडीनं जायची तिथून तिथून त्यांतल्या एकाला कसं वजा केलं, त्याचा हिशोब मांडतं. मागं एक तक्ता जोडलाय, ज्यूंच्या विरोधात कुठल्या तारखेला कुठला कायदा निघाला त्याचा. आणि हा सगळा हिशोब मांडतो कोण? ज्याच्या बापानं पक्षात नाव घातलं तो. ज्यानं हातोडा धरला तो.

ही गोष्ट मी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरांना माझ्या भाषेत सांगितली. गोष्ट संपली. नेहमी कालवा करणारी पोरं गप्प. मग सातवीतली एक पोरगी म्हणाली, "दादा, तो बाहेर दार वाजवत होता तवा ह्यो मित्र कुठं व्हता?"

"आत. आईबापाजवळ."

"आन् मोठा झाल्यावर ह्येनंच ही गोष्ट सांगितली?"

"हो."

"मंजे त्याला समदं म्हाईत व्हतं."

मराठी बालसाहित्याच्या मोठमोठ्या समीक्षकांनी आयुष्यभर जे विचारलं नाही ते त्या पोरीनं तीन वाक्यांत विचारून टाकलं. ज्याला सगळं माहीत होतं, तो कुठं आहे? तिकडं त्यानं पुस्तक लिहिलं. इकडं तो काय करतोय?

आता खर्ड्याकडं चला.

खर्डा हे नाव महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांना माहीत असतं. १७९५ ची खर्ड्याची लढाई, मराठ्यांनी निजामाला हरवलं. किल्ला आजही उभा आहे. त्या खर्ड्याला परीक्षेत गुण आहेत. खर्ड्याचं दुसरं साल २०१४. त्याला गुण नाहीत. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात नितीन आगे मारला गेला. वय १७. शिकणारा पोरगा. मजुरी करणाऱ्या बौद्ध आईबापाचा मुलगा. गुन्हा काय, तर शाळेतल्या सवर्ण मुलीशी बोलत होता. फिर्याद अशी, की शाळेच्या आवारातच त्याला मारलं, तिथून ओढत नेलं, हालहाल करून जीव घेतला आणि आत्महत्या वाटावी म्हणून झाडाला टांगलं. ते बोलणं मैत्रीचं होतं, प्रेमाचं होतं की नुसतं वहीच्या देवाणघेवाणीचं, हे ठरवायचा हक्क त्या दोन पोरांचा होता. गावानं तो घेतला.

खटला चालला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. त्यांत शाळेतले शिक्षकसुद्धा होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयानं सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. कोर्टापुढं जे आलं त्यावर कोर्टानं निकाल दिला. पण कोर्टापुढं जे आलं नाही, त्याचं काय? पोरगा मेला हे खरं. मारणारा कुणीच नाही हेही कागदावर खरं. ह्या दोन खऱ्यांच्या मधल्या जागेत एक अख्खी शाळा बसली आहे.

त्याच जिल्ह्यातलं सोनई आठवा. १ जानेवारी २०१३. मेहतर समाजातल्या तीन तरुणांचा खून. तिथंही कारण तेच, सवर्ण मुलीशी जुळलेलं मन. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हता. सारा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. मी फाशीच्या गोडव्या गात नाही. मी एवढंच दाखवतोय, की जिथं वस्तूंनी साक्ष द्यायची होती तिथं शिक्षा झाली. जिथं माणसांनी द्यायची होती तिथं सगळे सुटले. ह्या जिल्ह्यात दगडधोंडे माणसांपेक्षा खरं बोलतात.

नितीनच्या वर्गात बाकं होती. बाकांवर पोरं होती. त्याच्यासोबत डबा खाल्लेलं कुणीतरी असेल, त्याच्या गाडीवर मागं बसलेलं, त्याच्याकडून गणित उतरवून घेतलेलं. आज ती पोरं तिशीला टेकली असतील. कुणी बँकेत असेल, कुणी वर्दीत, कुणी पुण्यात कंपनीत. कुणाला लेकरं झाली असतील आणि ती लेकरं गोष्ट सांगा म्हणून मागं लागत असतील. तो कुठली गोष्ट सांगतो? ब्रूनोची?

इथं शहाणे लोक हरकत घेतात. म्हणतात, कुठं ६० लाखांचा संहार आणि कुठं गावातला एक खून. तुलना होते का? मी प्रेतांची तुलना करतच नाही. प्रेतं मोजून दुःखाचा भाव ठरवणं हे बाजारातलं काम आहे. मी शेजाऱ्यांची तुलना करतोय. फ्रीडरिश मेला तो बंद दारामुळं. दार आपल्याकडंही आहे. आणि ह्या तुलनेत आपली बाजू जर्मनांपेक्षा वाईट निघते. कशी ते बघा.

रिश्टरच्या पुस्तकामागचा तक्ता काढा. तिथं कायदा पोरांना वेगळं करत होता. ज्यू पोरानं शाळेतून जायचं, कायदा. ज्यूनं तलावावर यायचं नाही, कायदा. सरकार तोडत होतं, म्हणून शेजाऱ्याला म्हणता येत होतं, मी काय करू, वरून हुकूम आहे. आता आपला तक्ता लिहा. १९५० ची राज्यघटना, कलम १७, अस्पृश्यता नष्ट. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. इथं कायदा पोरांना एका बाकावर बसवतो आणि गाव उठवतं. खर्ड्याला वरून हुकूम आला नव्हता. हिटलर नव्हता, गेस्टापो नव्हती. पुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा होती, रोज सकाळी हात पुढं करून म्हटलेली. मग दोष टाकायचा कुणावर? जर्मन शेजाऱ्याला लपायला एक सरकार होतं. मराठी शेजाऱ्याला तेवढाही आडोसा नाही. म्हणून तो गप्प आहे.

मैत्री जातीच्या मुलखात आपोआप उगवत नाही. ती लावावी लागते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढून साऱ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, तेव्हा त्यांनी तेच केलं. एका चुलीवरची भाकरी खाल्लेली पोरं एकमेकांना सहजी विसरत नाहीत. पण शाळा सुटते. एक पोरगा पेठेकडं वळतो, एक वस्तीकडं. शाळा जे पाच तासांत शिवते ते गाव एका रात्रीत उसवतं.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. फार मोठं नाही, म्हणूनच सांगतो. नगर जिल्ह्यातल्याच एका गावात मी शिकलो. मोठ्या वाड्यातला एक पोरगा आणि मी एका सायकलवर डबलसीट शाळेला जायचो. चढावर मी पायडल मारायचो, उतारावर तो. माझा ठेचा त्याच्या पोळीवर, त्याची भाजी माझ्या भाकरीवर. दहावीच्या वर्षी जयंतीची मिरवणूक कुठल्या रस्त्यानं न्यायची यावरून गावात तंटा झाला. आमच्या लोकांचा किराणा बंद, दळण बंद, शेतावरची कामं बंद. दुसऱ्या दिवशी सायकल आली नाही. त्यानं मला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. नुसता दुसऱ्या रस्त्यानं गेला आणि वर्गात दुसऱ्या बाकावर बसला. त्या रात्री त्याच्या वाड्यात काय बोलणं झालं? बापानं दम दिला, की आईनं समजूत घातली? की कुणी काहीच बोललं नाही आणि त्याचं त्यालाच कळलं? ह्या गोष्टीचं अर्धं पान माझ्याकडं आहे, अर्धं त्याच्याकडं. माझं अर्धं मी कितीही लिहीन. त्याचं अर्धं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

ही अर्धी पानं आम्ही लिहिली. चांगली जाडजूड लिहिली. 'बलुतं'पासून पुढं आमच्या बालपणाचा सातबारा आम्ही उघडा करून ठेवला. गोणपाटावर वर्गाबाहेर बसणं लिहिलं, वरून ओतलेलं पाणी लिहिलं. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलं, गोरेगावला बापाला भेटायला निघालेल्या पोरांना स्टेशनवर गाडी मिळेना, पाणी मिळेना, ती १९०१ सालची हकीकत. पण हे सारं ठेवलं कुठं, तर मोठ्या माणसांच्या कपाटात. 'दलित साहित्य' अशी चिठ्ठी लावून, एम.ए.च्या पेपरात. म्हणजे जे आमच्या पोरांनी सातव्या वर्षी सोसलं, ते त्यांच्या पोरांनी तेविसाव्या वर्षी, तेही परीक्षेपुरतं, वाचायचं! लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो म्हणे. आमच्या लहान मुलांना मन नसतं काय?

मग मुलांच्या कपाटात काय आहे? 'श्यामची आई' आहे, १९३५ सालची. साने गुरुजींचं मन मोठं होतं. पंढरपूरचं देऊळ उघडावं म्हणून १९४७ साली त्यांनी जीव पणाला लावला, त्याला आमचा सलाम. पण पुस्तकात काय दिसतं? म्हातारी महारीण आहे, लाकडाची मोळी आहे, श्यामच्या आईची दया आहे. त्या म्हातारीचा नातू श्यामचा मित्र नाही. दया करता येते अशी माणसं आहेत. ज्याच्याशी भांडावं, ज्याचं चिंचेचं बोटूक हिसकावून घ्यावं, ज्याच्यावाचून करमू नये, असा आमचा पोरगा नाही. त्यानंतर गोट्या आला, फास्टर फेणे आला, बोक्या सातबंडे आला. आवडीनं वाचलेत मी सगळे. धाडसी पोरं, हुशार पोरं. चोर पकडतात, हेर पकडतात. पण त्यांच्या दोस्तीच्या आड जात कधी येत नाही. ह्यांच्या गोष्टीत चोर बाहेरून येतो. घरातला चोर कुणी पकडलेला नाही.

'फँड्री' आला फेब्रुवारी २०१४ मध्ये. वर्गातल्या सवर्ण मुलीकडं बघणारा कैकाड्याचा जब्या, डुकरामागं पळणारं घर आणि बघे होऊन हसणारा गाव. नागराज मंजुळेनं जब्याच्या हातात दगड दिला. शहरातल्या थेटरांत टाळ्या पडल्या. दोन महिन्यांनी खर्डा झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांतले किती जण जामखेडला गेले? ती गोष्टही पुन्हा आपल्याच माणसानं सांगितली. दगड आपलाच, जखम आपली, कॅमेरासुद्धा आपला. जे हसत होते त्यांच्यापैकी एकानं येऊन 'मी हसलो होतो, का हसलो ते सांगतो' असं म्हटलं नाही.

का म्हटलं नाही? कारण सोपं आहे. जर्मनी हरली. १९४५ साल आलं. हिटलर मेला, पक्ष बुडाला, कमांडंट पकडले गेले. हरलेल्या बापाच्या पोराला बोलायला तोंड मिळालं. तरीसुद्धा रिश्टरचं पुस्तक यायला १६ वर्षं गेली. आपल्याकडं १९४५ आलेलंच नाही. ज्यांनी दार लावलं ते हरले नाहीत. ते सोसायटीचे चेअरमन आहेत, शाळेच्या समितीवर आहेत, पंगतीत पहिल्या पानावर आहेत. अहमदनगरचं २०२४ साली अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या. वस्तीकडं जाणारा रस्ता होता तिथंच आहे. अशा ठिकाणी तोंड उघडायचं म्हणजे जिवंत बापासमोर उघडायचं. जत्रेला घरी जायचं असतं, बहिणीचं लग्न व्हायचं असतं, वाटणीत चार एकर यायचे असतात. साक्षीदार काय फक्त पैशानं फितूर होतो? तो चार एकरांनी होतो, सोयरिकीनं होतो, 'आपल्यातलाच तू' ह्या दोन शब्दांनी होतो.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण भीतीचं मोजमाप करायचंच असेल तर दोन्हीकडचं करू. तुला वाटणीची भीती आहे. नितीनच्या आईबापांना कसली भीती उरली होती? तरी ते कोर्टात उभे राहिले.

म्हणून शेजाऱ्या, तुला सांगतो. आमच्यावर कविता करू नकोस. आमच्या वेदनेचं रसग्रहण करू नकोस. जयंतीला निळा फेटा बांधून फोटो काढू नकोस. तुझ्या घरातलं लिही. त्या दिवशी जेवताना ताटावर काय बोलणं झालं ते लिही. वर्गातलं एक बाक रिकामं झालं तेव्हा हजेरी घेताना गुरुजी त्या नंबराला थांबले, की पुढं गेले ते लिही. तुला कुणी गप्प बसवलं, आणि गप्प बसल्याबद्दल तुला काय मिळालं ते लिही. मोठ्यांसाठी लिहू नकोस, मोठे तुझ्याइतकेच बनेल आहेत. मुलांसाठी लिही. मूल विचारतं, तू कुठं होतास? ह्या प्रश्नापुढं शैली चालत नाही. नाव लावायची छाती नसेल तर बिननावानं लिही. रिश्टरच्या पोरालाही नाव नाही. कोर्टात शपथेवर जे जमलं नाही ते कागदावर तरी जमव.

आणि बालसाहित्याच्या दुकानदारांनो, तुम्हालाही. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला पुरस्कार देते. बालभारती १९६७ पासून पुस्तकं छापते. परी झाल्या, राजपुत्र झाले, बोलणारे ससे झाले. ससा बोलतो ते तुम्हाला चालतं. खर्ड्याचा विद्यार्थी बोललेला चालत नाही. 'मुलांना कशाला कडू द्यायचं' म्हणता. कुणाच्या मुलांना? आमच्या पोरांना तो कडू घोट पुस्तकाशिवायच मिळतो, पहिलीच्या वर्गात, पाण्याच्या माठापाशी. तुमच्या पोरांच्या तोंडात तेवढी साखर. साखर खाऊन वाढलेलं पोरगं सतराव्या वर्षी झाडाखाली बघ्यांत उभं असतं आणि त्याला कळत नाही आपण काय बघतोय. त्याला वेळेवर एक कडू पुस्तक दिलं असतं तर?

आणि शहरातल्या माझ्या साथींनो, आपल्यालाही काम आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेत पुस्तक ठेवताना आधी एकच प्रश्न विचारा, ही गोष्ट कोण सांगतंय आणि मेलेला पोरगा कुणाचा आहे? कमांडंटच्या घरातलं सुतक आपल्या पोरांना पाळायला लावू नका. फ्रीडरिशची गोष्ट सांगा, तोंडी सांगा, आपल्या बोलीत सांगा. फूटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र आणि अ‍ॅन फ्रँकची डायरी शेजारी शेजारी मांडलेली दिसतात ना, तिथं उभं राहून पोरांना विचारा, या दोघांतला कोण कुणाला मारणारा आणि दुकानदाराला त्याचा पत्ता का नाही. कॉलेजात, ऑफिसात, हॉस्टेलवर तुमचे सवर्ण दोस्त असतील. त्यांतले काही खरे दोस्त असतील. त्यांच्याकडून सहानुभूती घेऊ नका, साक्ष मागा. तुझ्या गावात काय झालं? तू कुठं होतास? जो सांगेल त्याच्याशी दोस्ती. जो 'आमच्याकडं असं काही नव्हतं' म्हणेल, त्याला परत गावी पाठवा, विचारून ये म्हणावं.

त्या पोरीनं अभ्यासिकेत जे ओळखलं ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्यांना माहीत होतं ते जिवंत आहेत. तारीख त्यांना पाठ आहे, बाक पाठ आहे, कोण कुणाच्या शेजारी बसायचं ते पाठ आहे. शाईला पैसे पडत नाहीत.

लिही, शेजाऱ्या. नाहीतर पुढच्या पोरासाठी दार तरी उघड.